उजवा कान

कुरुळी, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय मिनलवहिनी,

डब्याच्या पिशवीतून चिठ्ठी निघाली म्हणून घाबरू नकोस, गोजाबाईंना विचारूनच ठेवलीय. तू रोज सकाळी त्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटतेस आणि त्यांचाच टेम्पो आमच्या कंपनीत डबे घेऊन येतो, हे माझ्या लक्षात यायला इतके महिने लागले. एवढी मी हुशार. दादाने तुझ्या फोनवर माझा नंबर ब्लॉक करायला लावला, तोच फोन घेऊन सनी गेम खेळत बसतो, आणि आईचं अर्धं लक्ष कायम तुझ्या फोनकडे. तेव्हा आता टेम्पोवाला दत्तोबा हाच आपला पोस्टमन. भरल्या डब्यातून तू लिही, रिकाम्या डब्यातून मी लिहीन. चिठ्ठीवर आमटी सांडणार नाही एवढं बघ.

आता बातमी. माझं लग्न ठरलंय. १४ डिसेंबर, रविवार, सकाळी, इथेच कुरुळीतल्या एका छोट्या हॉलवर. नेहाशी. तू 'कोणाशी' असं विचारणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहायला छान वाटतं. पत्रिका सोबत ठेवलीय. छापणाऱ्याने दोनदा फोन केला, त्याला वाटलं आम्ही मुलाचं नाव द्यायलाच विसरलो.

वहिनी, आमच्या लग्नाची कायद्यात नोंद होत नाही. वकिलाला विचारून झालं. त्यामुळे त्या दिवशी समोर कोण बसलं होतं, एवढाच आमचा पुरावा. नेहाच्या बाजूला माणसांची कमी नाही. तिचे वडील अण्णासाहेब, आई कस्तुराकाकू, अण्णासाहेबांच्या कंपनीतले पिंपरीतले जुने सोबती, सगळे येणार. माझ्या बाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या. तू ये. ईश्वरीला आणि सनीला घेऊन ये.

लग्न त्यांच्याकडच्या बौद्ध पद्धतीने आहे. दोघींनाही पांढऱ्या साड्या, त्रिसरण-पंचशील, प्रतिज्ञा, हार. मला ते साधं असणं फार आवडलं. आपल्या घरचं मी एकच मागून घेतलं, ते म्हणजे कानपिळी. तुझ्या लग्नात तुझ्या भावाने दादाचा कान पिळून "बहिणीला नीट सांभाळा" म्हणून दम दिला होता, आठवतं? टॉवेल-टोपीचा मान घेतल्यावरच कान सोडला. तेव्हा दादा कान चोळत मला म्हणाला होता, "थांब, तुझ्या नवऱ्याचा कान उपटून हातात देतो का नाही बघ."

दादा येणार नाही, हे मी धरूनच चाललेय. भावाच्या जागी भावाची लेक चालेल, असं कस्तुराकाकूंनीच सुचवलं. नेहाचा कान ईश्वरीने पिळायचा. नेहा तयार आहे. तू फक्त हो म्हण.

तुझी,
स्वप्नाली


रहाटणी, १४ नोव्हेंबर २०२५

वन्सं,

रागावले की मी वन्सं म्हणते, हे तुला सांगायला नको. चिठ्ठी मेसच्या मोरीपाशी उभी राहून वाचली आणि नंतर फाडून टाकायची सोडून घरी नेली. चुकलं माझं. ईश्वरीने पेन शोधताना पर्स उघडली आणि चिठ्ठी वाचायला लागली. किती वाचली कोण जाणे. मी हिसकावली तर विचारते कसं, "मम्मी, आत्याच्या लग्नात दोन्ही नवऱ्याच, मग हळद आधी कोणाला लावायची?" आई तेव्हा बाथरूममध्ये होत्या म्हणून वाचले.

नाही, मी हो म्हणत नाही.

मला नेहा आवडते. ती घरी यायची तेव्हा सगळ्यात आधी चहा मीच टाकायचे. पण पोरांचं काय करू? सनी पहिलीत आहे. जे बघेल ते सोमवारी वर्गात सांगणार, वर्गातलं व्हॅनमध्ये जाणार, आणि व्हॅनमधलं आमच्या सोसायटीच्या गेटवर येणार. तुला कुरुळीत खोली आहे, पगार आहे. मला याच जिन्याने रोज चढा-उतरायचंय.

आणि आई. त्यांना राग नेमका कशाचा आहे, हे त्यांनाही सांगता येणार नाही. तुझा जीव एका मुलीवर जडला याचा, की ती आपल्या जातीची नाही याचा. नेहाच्या जागी नेहाचा भाऊ असता तरी या घरात हीच रडारड झाली असती, शब्द तेवढे वेगळे असते. तुझा दादा तर काहीच बोलत नाही. तू गेल्यापासून तुझं नाव निघालं की उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. मला त्या गप्प राहण्याचीच भीती वाटते.

मी एकटी येईन. मेसमध्ये जास्तीची ऑर्डर आहे म्हणून सांगेन. तासभर मागे बसेन आणि अक्षता, नाही, तुमच्याकडे फुलं असतील, ती टाकून निघेन. फोटोत मला घेऊ नका. यापेक्षा जास्त मागू नकोस.

मिनल


कुरुळी, २० नोव्हेंबर २०२५

वहिनी,

मागच्या रांगेत बसून फोटो चुकवणारी माणसं मला नकोत. तशी मला रोज भेटतात. कँटीनमध्ये शेजारी बसून माझ्या डब्यातलं लोणचं खातात आणि गेटबाहेर ओळख देत नाहीत. तू त्यांच्यातली होणार असशील तर खुर्च्या रिकाम्याच राहू देत.

पोरांवर परिणाम होईल म्हणतेस. ईश्वरीला सायकल कोणी शिकवली? नेहाने. सनी गॅलरीच्या गजात पाय अडकवून बसला होता तेव्हा साबणाचं पाणी लावून कोणी सोडवला? नेहानेच, आणि तू तिच्या गळ्यात पडून रडलीस. तेव्हा ती माझी मैत्रीण होती म्हणून चाललं. आता नाव बदललं, माणूस तेच आहे.

चिडून लिहितेय. पण चिडण्यापेक्षा घाबरलेय जास्त. परवा फर्स्ट शिफ्ट सुटली तेव्हा दादा आमच्या गेटसमोरच्या टपरीपाशी उभा होता. गाडी बाजूला लावलेली, हेल्मेट डोक्यातच. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होता. मी परत आत गेले आणि मालाच्या गाड्या येतात त्या मागच्या गेटने बाहेर पडून रिक्षा धरली.

पप्पा गेल्यावर ज्याने मला बीडच्या केजहून इथे आणलं, स्वतः दोन शिफ्ट करून मला डिप्लोमा करायला लावला, त्या माझ्या दादाला बघून मी लपले, वहिनी. माझी मलाच इतकी लाज वाटली की खोलीवर येऊन रडले. पण परत आला तर परत लपेन. त्याच्या मनात काय आहे, तुला काही माहीत असेल तर कळव.

स्वप्नाली


रहाटणी, २ डिसेंबर २०२५

स्वप्नाली,

भांडण नंतर करू. आधी हे नीट वाच.

तुझ्या दादाने चौदा तारखेचा ओव्हरटाइम सोडलाय. रविवारचा ओव्हरटाइम हा माणूस तापातही सोडत नाही. कारण विचारलं तर म्हणे, काम आहे. तुझी पत्रिका मी पिठाच्या डब्यामागे खोचून ठेवली होती, ती जागेवर नाही. आईंच्या हाती लागली असती तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे ती यांच्याकडेच आहे.

परवा खाली जाऊन कोणाला तरी फोन करत होते. मी वरून बघत होते. बोलताना हात हलवत होते, आणि ठेवल्यावर कपाळाला हात लावून तसेच पायरीवर बसले. मी धीर करून विचारलं, "कुरुळीला जायचं डोक्यात आहे का तुमच्या?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय? तू तुझं बघ." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

ईश्वरीला गॅलरीत घेऊन बसतात, मी गेले की दोघंही गप्प. माझ्या पोरीकडून तुझी खबर काढताहेत असं वाटतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "पप्पांनी सांगू नको म्हटलंय." घरातल्या या वातावरणाने पोरंही बिथरलीत. रोज सनीचं रडगाणं, दीदीने ढकललं, दीदीने कान धरला, दीदीने पेन्सिल घेतली. काल मी दोघांनाही एकेक धपाटा दिला आणि मग मीच रडत बसले.

गेल्या वर्षी यांच्या मावसभावाच्या भांडणात हे कसे धावून गेले होते ते तू पाहिलंयस. माझं ऐक, हॉल बदल, नाहीतर तारीख बदल. आणि नवा पत्ता मलाही सांगू नकोस. मला खोटं बोलता येत नाही.

मिनल


कुरुळी, ८ डिसेंबर २०२५

वहिनी,

हॉल बदलायची वेळच आली नाही. हॉलवाल्यानेच बुकिंग रद्द केलं. "मुलीकडच्या मोठ्या माणसाचा फोन आला होता, आमच्याकडे असलं लग्न होणार नाही," म्हणाला. मी विचारलं कोणाचा फोन. नाव सांगेना, पण म्हणाला, "बीडकडची भाषा होती." आता यात ओळखायचं काय राहिलं? माझ्या सख्ख्या भावाने माझं लग्न मोडायला फोन केला.

मी अण्णासाहेबांना म्हटलं, पुढे ढकलू या. ते म्हणाले, "पोरी, आम्ही संपात कंपनीच्या गेटवर महिनेच्या महिने बसलोय. एका हॉलवाल्याला घाबरून तारीख बदलू होय? आपल्या बिल्डिंगला गच्ची आहे." आता लग्न तिथेच, पिंपरीत. पत्ता तुला माहीत आहे, कस्तुराकाकूंच्या हातचं वरण तू तिथेच खाल्लंस. खोटं बोलायची वेळ आली तर सरळ सांगून टाक, मला फरक पडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गच्ची द्यायला कुरकुरत होते. कस्तुराकाकू त्यांच्या दारात जाऊन बसल्या आणि हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत.

अण्णासाहेब म्हणतात, "तुझा भाऊ पाहुणा म्हणून आला तर पहिली खुर्ची त्याची. नाहीतर जिन्यात मी आहे." त्यांचा गुडघा दुखतो, वहिनी. त्यांनी माझ्यासाठी जिन्यात उभं राहायचं, आणि ते कोणासमोर, तर माझ्या दादासमोर.

म्हणून आता मीच सांगते, तू येऊ नकोस. पोरांना तर आणूच नकोस. तिथे काही झालं आणि ईश्वरीने आपल्या बापाला तसं बघितलं, तर ते ती जन्मभर विसरणार नाही. कानपिळी राहू दे.

स्वप्नाली


रहाटणी, ११ डिसेंबर २०२५

स्वप्नाली,

बरं. नाही येत.

यांना काय विचारायचं ते सगळं विचारून झालं, रोज तेच, "तू तुझं बघ." मी त्या दिवशी यांना घराबाहेर पडू न देण्याचा प्रयत्न करेन, अंगात ताप आहे म्हणून पडून राहीन, काहीही करेन. तू हसत उभी राहा. पांढरी साडी तुला शोभेल. केसांत मोगरा माळ, अबोली नको.

मिनल


कुरुळी, १६ डिसेंबर २०२५

वहिनी, अगं वहिनी,

काल आणि आज डब्यात चिठ्ठी शोधली, नाही मिळाली. तू बरी आहेस ना? दादाने काय केलं? गोजाबाई म्हणतात तू कामावर आली होतीस आणि पोळ्या नेहमीसारख्याच गोल होत्या. तेवढ्यावर मी दोन दिवस काढतेय.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा प्रतिज्ञा संपत आली होती. अण्णासाहेब खुर्चीचा हात धरून उठले. नेहाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. सगळी गच्ची दाराकडे बघत होती. मी मनात म्हटलं, आला दादा. आणि दारातून वर आला दिवाळीचा जांभळा घागरा. मग सनी. मग तू, धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला. माझ्या बाजूच्या पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसलीस आणि फोटोवाल्याला म्हणालीस, "आमचा काढा की एक."

त्यानंतर ईश्वरी काय चालत आली गं! कोणी सांगायच्या आत नेहाच्या उजव्या अंगाला उभी राहिली, वाकायची खूण केली आणि कान धरला. लोक हसायच्या तयारीत होते. तिने असा काही पिळला की नेहाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि वर दम देते, "आमच्या लेकराला रडवलंस तर गाठ माझ्याशी हाय. ध्यानात ठेव." कोणी हसलं नाही मग. अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. तूच शिकवलंस ना तिला? सनीने मात्र दोन्ही कान हातांनी झाकून घेतले होते, ते का, कळलं नाही.

टॉवेल-टोपी नेहाने दादाच्या मापाची घेतली होती, येणार नाही हे माहीत असून. ईश्वरीच्या डोक्यावर ती भुवयांपर्यंत उतरली. तशीच घालून जेवली.

तू दादाला झुगारून आलीस. माझ्यासाठी एवढं कोणी केलेलं नाही. पण त्याची किंमत तुला मोजावी लागत असेल तर लपवू नकोस. इथे दुसरी खाट आहे. पोरांना घेऊन निघून ये.

तुझीच,
स्वप्नाली


रहाटणी, १८ डिसेंबर २०२५

लाडके वन्सं,

हे वन्सं रागाचं नाही.

मी कोणालाही झुगारलं नाही. उगाच मला मोठं करू नकोस. ऐक काय झालं ते.

रविवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणे डोक्याला फडकं बांधून पडून राहिले. हे उठले, अंघोळ केली आणि आईंना म्हणाले, "चल, राजगुरुनगरला मावशीकडं जाऊन येऊ. तू कवाची म्हणायलीस." आई खुशीत तयार झाल्या. मला काही सुधरेना. चप्पल घालताना हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी दिवेलागणीशिवाय येत नाही आम्ही. घागऱ्याला इस्त्री करून ठेवलीय." मग ईश्वरीकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "कोणता?" ती म्हणाली, "उजवा." आणि गेले.

मी तशीच बसून राहिले. ईश्वरीनेच मला हलवलं, "मम्मी, उठ ना, उशीर होईल." मग सगळं सांगितलं तिने. त्या दिवशी पर्समधली चिठ्ठी वाचून तिने थेट बापालाच विचारलं होतं, कानपिळी म्हणजे काय. यांनी तिला शिकवलं. रोज गॅलरीत. कुठून धरायचा, कसा पिळायचा, काय बोलायचं. सराव सनीच्या कानावर. बिचारा सांगत होता, मी त्यालाही धपाटा घातला.

तू गेटवरून पळालीस ते यांनी पाहिलं होतं. तुला भेटायलाच आले होते गं, बोलायला तोंड उघडेना म्हणून हेल्मेट काढत नव्हते. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. मला म्हणाले, ॲसिडिटी. हॉलवाल्याचं काय झालं ते आता हे स्वतःच लिहिताहेत, मी सांगत नाही.

पण सगळं गोड झालं असं समजू नकोस. संध्याकाळी आई आल्या आणि टीव्हीवर ठेवलेली टोपी बघून म्हणाल्या, "ही कुणाच्या लग्नातली रं?" मी काही बोलायच्या आत सनी ओरडला, "आत्याच्या!" यांनी उठून टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि आईंसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "माझा मान हाय. नवरीच्या भावाचा असतो." आईंनी ताट सरकवलं. अजून माझ्या हातचं जेवत नाहीत, मावशीकडे राहायला जाते म्हणतात. शेजारच्या सावित्रीबाईंकडे जाऊन रडल्या, म्हणजे आता सोसायटीला कळलंच. काल व्हॅनमध्ये एका पोराने ईश्वरीला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं, "माझ्या आत्याचं लग्न झालं, मी कान पिळला, तुझा पिळू का?" मला भीती वाटते आणि हसूही येतं.

खाट तशीच राहू दे. आम्ही पाहुणे म्हणून येऊ.

तुझी,
मिनल


रहाटणी, १८ डिसेंबर

स्वप्ने,

मला चिठ्ठी लिहायची सवय नाही. मिनल समोर बसून लिहायला लावतेय.

हॉल माझ्यामुळं गेला. मोडायला फोन केला नव्हता. नवरीचा भाऊ विचारतो तेवढंच विचारलं, खुर्च्या किती, पाणी पुरतं का, पंगत बसते का उभ्यानं जेवण. त्यानं विचारलं मुलाकडचं कोण येणार. मी म्हटलं, दोन्हीकडं पोरीच हायत. खोटं कसं बोलू? मला काय माहीत त्याला ठाऊक नव्हतं म्हणून. अण्णासाहेबांना सांग, त्यांचा गुडघा माझ्यामुळं दुखला.

मी स्वतः यायला पाहिजे होतं. नाही झाला धीर. लेकराला पुढं केलं.

टोपी बरोबर बसली. पण मान घेतला आणि काम दुसऱ्यानं केलं, हे काय मला पटत नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या हाताला जोर तो किती असणार? ते मी काय धरत नाही. येत्या रविवारचाही ओव्हरटाइम घेतलेला नाही. कुरुळीला येतो. डबा घेऊन येतो, स्वयंपाकाला लागू नका. आणि नेहाला म्हणावं, उजव्या कानातलं काढून ठेव.

दादा